गळतं कुठे?

शाळेच्या भिंतीला सायकल टेकवली की आमचे दिपोटीसाहेब लगेच आत येत नसत. आधी इमारतीला बाहेरून एक फेरी. मान वर, काळी टोपी मागे सरकलेली, डोळे कौलांवर. मधेच थांबून छत्रीच्या मुठीने भिंतीवर ठोकायचं, कान देऊन ऐकायचं, स्वतःशीच मान हलवायची आणि पुढे सरकायचं. तोवर आत हेडमास्तर कोटाची बटणं लावून, पोरांना डोळ्यांनीच दम भरून, घाम पुसत उभे. आता साहेब हजेरी बघणार, पाढे विचारणार, या धास्तीत सगळा वर्ग. साहेब उंबरा ओलांडत आणि दर वेळी पहिला प्रश्न एकच विचारत : "गळतं कुठे?"

हेडमास्तर जागा दाखवत. साहेब तिथे खाली उभे राहून वर बघत, मग खाली बसलेल्या पोरांकडे बघत, आणि म्हणत, "ठीक. आहे त्यात बसवू."

‘आहे त्यात बसवू’ हे त्यांचं पालुपद. पोरं जास्त आणि खोली लहान, तरी तेच. मास्तर एक आणि इयत्ता चार, तरी तेच. मी त्यांच्याच एका शाळेत मास्तरीण, जन्माची चौकस आणि जिभेने फटकळ. एकदा त्यांना विचारलंच, "साहेब, सगळे तपासनीस आधी पोरं बघतात. तुम्ही आधी कौलं का बघता?"

"बाई, छप्पर खोटं बोलत नाही," ते म्हणाले. "हेडमास्तर बोलतात."

त्यांच्या हुद्द्याचं सरकारी नाव चांगलं लांबलचक होतं. इंग्रजी अमदानीत शाळा तपासणाऱ्याला डेप्युटी म्हणत. इंग्रज गेले, हुद्द्याचं नाव बदललं, पण गावांनी काही आपला दिपोटी सोडला नाही. भोसरीपासून नाशिक रस्त्याने चाकणच्या अलीकडेपर्यंत आणि इकडे पिंपरीच्या बाजूला, अशा शाळा त्यांच्या ताब्यात होत्या. ताब्यात म्हणजे काय, तर तिथे मास्तर पुरवायचे, त्यांचा पगार वेळेवर निघेल असं बघायचं, आणि पोरांच्या डोक्यावर काहीतरी छप्पर राहील याची काळजी वाहायची. स्वातंत्र्य येऊन पाच-सहा वर्षं झाली होती. गावोगावचे लोक शाळा मागत होते आणि जिल्ह्याच्या स्कूल बोर्डाकडे पैशाच्या नावाने शंख होता.

बोर्डाच्या मालकीच्या इमारती अगदी थोड्या. बाकी शाळा कुठे चावडीत, कुठे धर्मशाळेत, कुठे देवळाच्या सभामंडपात. एक तर पाटलांच्या गोठ्यात भरे. संध्याकाळी म्हैस रानातून परतली की तिला जागा द्यावी लागे, म्हणून त्या शाळेला सुटीची घंटा लागत नसे. पिंपरीला फाळणीनंतर आलेल्या लोकांच्या कॅम्पात एकाच बराकीत दोन वर्ग होते, मधे गोणपाटाचा पडदा. तिसरीच्या पोरांना चौथीच्या कविता पाठ आणि चौथीचे तिसरीच्या पाढ्यांत पुन्हा पक्के झालेले. साहेब म्हणाले, "एका मास्तरात दोन इयत्ता झाल्या. बोर्डाला कळवू नका, नाहीतर दुसरा मास्तर काढून घेतील."

त्यांच्या सायकलच्या हँडलला एक कापडी पिशवी लटकलेली असे. ती कायम फुगलेली, आणि चालताना खळखळ वाजायची. पोरांना वाटे पेढे आहेत. मला वाटे कागदपत्रं असतील, पण कागद वाजतात कशाला? एकदा ते गूळपाणी घेत ओट्यावर बसले होते, तेव्हा मी हळूच डोकावले. आत बिजागऱ्या, कड्या, वापरून सरळ केलेले खिळे, सुतळीची गुंडी आणि खडूचे तुकडे. एका बंद पडलेल्या शाळेचं दार ते दुसऱ्या गावच्या शाळेला लावत, तिथला जादा फळा तिसरीकडे नेत. "बोर्डाकडे पैसे नाहीत, बाई, वस्तू आहेत," ते म्हणत. "फक्त चुकीच्या गावी पडल्या आहेत."

सगळ्यांत गंमत होती ती खुर्चीची. हाताची, वेताने विणलेली, पॉलिश केलेली अशी एकच खुर्ची त्यांच्या साऱ्या शाळांत मिळून होती. पुण्याहून बोर्डाचे मोठे साहेब वर्षातून एकदा तपासणीला येत, तेव्हा त्यांना बसवायचं कशावर? मग ती खुर्ची त्यांच्या पुढे पुढे चाले. एका गावची तपासणी उरकली आणि मोठे साहेब जेवायला बसले की इकडे खुर्ची बैलगाडीत पडे आणि पुढच्या गावी जाऊन ऐटीत मांडली जाई. कुठून कुठे न्यायची, कुणाची गाडी कधी निघते, हे सगळं दिपोटींच्या डोक्यात. ते नुसता निरोप धाडत : "खुर्ची पुढे पाठवा." एका वर्षी म्हणे मोठे साहेब खूश होऊन बोलले, "तुमच्या भागात सगळ्या शाळांचं फर्निचर एकसारखं आहे." दिपोटींनी फक्त "होय" म्हटलं.

आणि पगाराचं सांगते. आमचे पगार केंद्रशाळेच्या हेडमास्तरांमार्फत येत, आणि बोर्डात पैसा नसला की लांबत. अशा वेळी दुसरा कुणी असता तर तोंड लपवून बसला असता. हे उलट सायकल काढून एकेका मास्तराच्या दारी जात. "या महिन्याचं अजून आलेलं नाही. आठवडा जाईल असं दिसतं." एवढं सांगायचं, पाणी प्यायचं, निघायचं. एकदा मी चिडून म्हटलं, "नुसतं नाही म्हणायला एवढी पायपीट?" त्यावर म्हणाले, "पैसे नाही आणता आले, तर निदान माणसाने तोंड तरी दाखवावं." मला त्या दिवशी त्यांचा राग आला होता, कारण घरी जुन्नरला आई आणि दोन धाकटे भाऊ माझ्या मनीऑर्डरीकडे डोळे लावून होते. आज मात्र त्या वाक्याचं मोल कळतं.

पण माझी-त्यांची खरी ओळख झाली ती तालमीमुळे. ते नीटच सांगायला हवं.

वडील गेल्यावर मी सातवी फायनलच्या बळावर मास्तरकी धरली. तात्पुरत्या जागांवर दोनदा लागले आणि दोनदा सुटले. तिसऱ्यांदा नेमणूक आली ती इंद्रायणीच्या अलीकडच्या एका गावी. पिंपरीकडे कारखान्यांची बांधकामं निघाली होती, खाणीवर लोक आले होते, त्यामुळे गावच्या शाळेत पोरं वाढली होती आणि दुसऱ्या मास्तराची जागा मंजूर झाली होती. तीही एका वर्षापुरतीच. हजेरी आणखी वाढली तर जागा कायम, नाहीतर बंद. दिवाळीची सुटी संपता संपता मी पत्र्याची ट्रंक घेऊन एस.टी.तून उतरले आणि चालत गावात आले.

शाळेसमोर गुरुजी उभे होते. हे गावचे एकमेव मास्तर, चारी इयत्ता एकटे ओढून खंगलेले. दुसरा माणूस येणार म्हणून वाटेकडे डोळे लावून बसलेले. मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"बाई, तुम्ही?" ते म्हणाले. "अहो, शाळा तालमीत भरते."

मला आधी कळेचना. मग आतून वास आला. ताक, हळद, तेल आणि लाल माती यांचा. भिंतीला टेकून ठेवलेले मुद्गल दिसले, कोनाड्यात मारुतीची तसबीर दिसली. सकाळ-संध्याकाळ पैलवानांचे डाव आणि मधल्या वेळात पोरांचे पाढे, अशी ती जागा दोघांत वाटलेली. आखाड्याच्या कडेने पोरं बसायची, त्यामुळे साऱ्या गावातल्या शाळकरी चड्ड्यांची बैठक लाल. आणि तालमीत बाईमाणसाने पाऊल टाकायचं नाही, हे त्या मुलखात शेंबडं पोरही जाणतं. फक्त बोर्डाला ते ठाऊक नव्हतं.

तालमीचे वस्ताद आले. साठी उलटलेले, कान कुस्तीत चुरगळलेले, आवाज मऊ. माझ्याकडे न बघता गुरुजींना म्हणाले, "मास्तर, बाईंचा अपमान करायचा न्हाई आमाला. पर ही मारुतीरायाची जागा हाय. आज्यापंज्यापास्नं चालत आलंय."

आता करायचं काय? शाळेत हजर होऊन शिकवलं नाही तर नेमणूक रद्द. दुसरी जागा रिकामी नाही. आणि शाळेच्या आत पाऊल टाकायचं नाही. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. त्या दिवशी मी ट्रंकेवर बसून राहिले आणि रडले नाही, एवढंच काय ते माझं शहाणपण.

गुरुजींचा निरोप गेला आणि दिपोटीसाहेब आले. मी त्यांना प्रथम पाहिलं ते असं : तालमीला फेरी मारताना, वर बघत, भिंत ठोकताना. फेरी संपल्यावर त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग वस्तादांना विचारलं, "तालीम कुठून सुरू होते?"

"मंजी?"

"म्हणजे बाईंनी कुठवर यायला हरकत नाही?"

वस्तादांनी विचार केला. उंबऱ्याशी वाकून त्यांनी मातीला हात लावला, तो कपाळाला लावला. "हितनं. उंबऱ्याच्या आत तालीम."

"मग हा ओटा बाहेर."

"ओटा भाईर. व्हय."

"ओटा शाळेचा," साहेब म्हणाले. "बाई, हजर व्हा. आहे त्यात बसवू."

अशी मी ओट्यावर हजर झाले. दार उघडं ठेवून गुरुजी आत तिसरी-चौथी घेत आणि मी बाहेर पहिली-दुसरी. थंडीचे दिवस, कोवळं ऊन, बरं चाललं होतं. आणि एके दिवशी ओट्याच्या टोकाला एक मुलगी येऊन बसली. दुसऱ्या दिवशी तीन. कुणी बोलावलं नव्हतं. कडेवर भावंडं घेऊन यायच्या, त्यांना मांडीवर आडवं घालायच्या आणि धुळीत बोटाने अक्षरं गिरवायच्या.

मला नवल वाटलं. त्या गावच्या हजेरीपटावर तोवर एकाही मुलीचं नाव नव्हतं. बोर्डाच्या शेऱ्यात दर वर्षी असायचं, ‘मुलींच्या शिक्षणाबाबत ग्रामस्थ उदासीन.’ मी आपली नदीवर धुणं धुणाऱ्या बायकांना विचारायला गेले, की बायांनो, इतकी वर्षं मुलींना का पाठवलं नाहीत?

एक जण खो खो हसली. "कुठं, तालमीत? बाई, पोरीच्या जातीला तालमीत कोन धाडील? आमी म्हनलं, सरकारनं शाळा तालमीत घातली, मंजी ती पोरांचीच."

पुढच्या खेपेला मी हे साहेबांना सांगितलं. ते गूळपाण्याचा पेला हातात धरून ओट्यावर तसेच बसून राहिले. बोर्ड समजत होतं गाव उदासीन, गाव समजत होतं सरकारला मुली नकोत, आणि मधे होता नुसता एक उंबरा.

"इतकी वर्षं मी इथे येतोय," ते शेवटी म्हणाले. "छप्पर बघत राहिलो. दार बघितलंच नाही."

त्यांना इतकं वाईट वाटलेलं पाहून मलाच भरून आलं. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "साहेब, माझी नेमणूक इथे चुकून झाली ते बरंच झालं म्हणायचं."

"चूकच ती," ते म्हणाले. "आता झालीच आहे, तर तिला कामाला लावू."

पण चुकीला कामाला लावायलासुद्धा छप्पर लागतं. ओट्यावर काही नव्हतं. पावसाळा आला की ओटा संपला, मुली घरी गेल्या, हजेरी पडली आणि माझी जागा बंद. हे मलाही दिसत होतं, त्यांनाही दिसत होतं. त्यांनी बोर्डाकडे ओट्यावर चार पत्रे टाकायला मंजुरी मागितली. बोर्डाने कानावर हात ठेवले. मग ते पिंपरीला कॅम्पात मोडक्या बराकीचे जुने पत्रे मागायला गेले. परत आल्यावर मी आशेने विचारलं, "मिळाले?"

"पत्रे नाही मिळाले," साहेब म्हणाले. "बिजागऱ्या मिळाल्या."

मी हसावं की रडावं? पण त्यांनी त्या बिजागऱ्या नीट पुसून पिशवीत टाकल्या.

त्याच दिवशी वस्ताद संध्याकाळची तालीम झाडायला आले होते. साहेब त्यांच्याजवळ जाऊन बसले. तालमीच्या मागे गावकीचं एक छप्पर होतं, जत्रेचं सामान ठेवायचं. त्याच्याकडे बघत त्यांनी विचारलं, "वस्ताद, तालीम म्हणजे नेमकं काय हो? या भिंती, ही कौलं, की माती?"

वस्तादांनी मान वळवली. "शब्दात धरू नका, साहेब. आमी अडाणी मानसं."

"धरत नाही. मला खरंच माहीत नाही, म्हणून विचारतो."

वस्ताद उठले. झाडू घेऊन आत गेले. गुरुजी मला म्हणाले, "झालं. म्हातारा दुखावला." मला मात्र साहेबांच्या चेहऱ्याकडे बघून वाटलं, यांना खरोखरच उत्तर हवंय. लहान मूल प्रश्न विचारून तोंडाकडे बघत राहतं ना, तसे ते बघत होते.

चैत्र आला. बाकीच्या शाळा सकाळच्या झाल्या. आमची होऊ शकली नाही, कारण सकाळ पैलवानांची. भर दुपारी ओटा तव्यासारखा तापायचा. मी मुलींना घेऊन सावलीबरोबर सरकत असे. त्या दिवशी साहेब आत चौथीची परीक्षा घेत होते. उकाडा असा की पान हलत नव्हतं. मग एकाएकी आळंदीच्या बाजूने आभाळ काळं झालं, धुळीचा लोट उठला, आणि वळीव आला तो गारा घेऊनच.

"आत या, पोरींनो, आत या," गुरुजी दारातून ओरडत होते.

दार सताड उघडं होतं. हात लांब केला तर आतली कोरडी भिंत लागावी, एवढंच अंतर. पण एकही मुलगी आत गेली नाही. डोक्यावर पाट्या धरून, भावंडांना पोटाशी धरून त्या भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या. पाट्यांवर गारा तडतडत होत्या. मी त्यांना आत ढकलायला हवं होतं, पण माझाही पाय उंबऱ्याशी अडला. मीही त्याच मुलखातली.

साहेब बाहेर आले. त्यांनी छत्री उघडली आणि मुलींवर धरली, पण एका छत्रीत किती जणी मावणार? तेव्हा ते आमच्या ओळीत भिंतीला पाठ लावून उभे राहिले. आत कोरडी जागा होती आणि त्यांना तिथे जायला कुणाची ना नव्हती. टोपीचा काळा रंग ओघळून त्यांच्या गालावर उतरला.

शेताकडून वस्ताद पळत आले, डोक्यावर गोणपाट घेऊन. समोरचं बघून मधेच थबकले. "आत जावा की गं," ते म्हणाले.

एक मुलगी दात वाजवत बोलली, "आबा, तालीम हाय न्हवं?"

म्हाताऱ्याने डोक्यावरचं गोणपाट काढलं, ओट्यावर चढला आणि ते मुलींवर पसरून धरलं. त्याच्या तुळतुळीत डोक्यावर गारा पडत होत्या. दोघेही म्हातारे तसेच भिजत उभे राहिले, एक छत्री धरून, एक गोणपाट धरून. गारा थांबल्यावर वस्ताद म्हणाले, "दिपोटी, तुमी त्या दिशी इचारलं व्हतं."

"हो."

"माती," वस्ताद म्हणाले. "तालीम मंजी माती."

पुढच्या शनिवारी, मारुतीच्या वारी, गावाने माती हलवली. जत्रेचं सामान पाटलांच्या घरी गेलं आणि मागचं छप्पर रिकामं झालं. वस्तादांनी माती पुजली, पहिलं घमेलं स्वतः डोक्यावर घेतलं आणि अनवाणी निघाले. मागे त्यांनी घडवलेले सगळे पैलवान, नातवंडं झालेले देखील, एकामागे एक. तसबीर शेवटी निघाली. आम्ही बायका लांबून बघत होतो. त्या छपराला दार नव्हतं. साहेबांनी कुठल्यातरी शाळेचं एक पडीक दार आणलं होतं, ते ते स्वतः बसवत होते, त्याच बिजागऱ्यांनी. बोर्डाचं दार तालमीला दिलं, म्हणजे नियमाच्या बाहेरच. मी तसं म्हटलं, तर तोंडात खिळे धरून म्हणाले, "पदरात जागा पडली, बाई. दाराचं काय घेऊन बसलात?"

आखाड्याचा खड्डा मुरमाने भरला, शेणाने सारवला. वस्ताद उंबऱ्याशी आले. सवयीने वाकले, हात मातीला लावायला गेला आणि तिथे माती नव्हती. ते सरळ उभे राहिले. मग म्हणाले, "जावा आत, बाई. आता ही नुसती खोली हाय."

माझा पाय उचलेना. साहेब मागे उभे होते, हात मातीने आणि गंजाने माखलेले. "बाई," ते हळूच म्हणाले, "हजर व्हा."

मी उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला आणि आत गेले. माझ्यामागून मुली आल्या. सर्वांत शेवटी साहेब आले, मान वर करून. "इथे एक कौल गळणार," ते म्हणाले, आणि शिडी मागवून ते बदललं.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा पटावर मुलींची नावं होती. पाऊस धो धो पडला, पण हजेरी पडली नाही. भाद्रपदात निरोप आला : मोठे साहेब हजेरी बघायला येणार, ती पटली तर जागा कायम. तपासणीच्या आदल्या दिवशी चाकणच्या बाजाराहून परतणाऱ्या गाडीतून, गोणपाटात गुंडाळलेली, ती खुर्ची आली. दिपोटीसाहेब मात्र आले नाहीत. गाडीवाल्याने सांगितलं, त्यांना ताप आहे.

मोठे साहेब आले, खुर्चीवर बसले. त्यांनी मुली मोजल्या, त्यांच्याकडून कविता म्हणवून घेतली आणि जाताना जागा कायम करायची शिफारस करतो म्हणाले. इतकी वर्षं टांगणीला लागलेला माझा जीव त्या दिवशी खाली आला. आईला पत्र लिहायचं होतं, पण त्याआधी मला हे साहेबांना सांगायचं होतं. ते काय म्हणतील हेही मला ठाऊक होतं : "खुर्ची पुढे पाठवा."

खुर्ची पुसून मी दाराशी ठेवली. निरोप येईल, मग पुढे पाठवायची. निरोप आला नाही. रोज रस्त्याने गाड्या जात, मी बघत असे. कुठल्या गावी धाडायची, ते फक्त त्यांच्या डोक्यात होतं.

मग गुरुजी साहेबांची चौकशी करायला चिंचवडला जाऊन आले. त्यांनी ओल्या टोपीने ओट्यावरच बसकण मारली. साहेब दोन दिवसांपूर्वी तापातच गेले होते. भाड्याच्या खोलीत राहायचे, आम्ही कुणी कधी तिथे गेलोच नव्हतो.

"बाई," गुरुजी म्हणाले, "त्यांच्या खोलीत गळतं हो. पलंगाच्या दोन्ही बाजूंना पातेली ठेवलेली होती."

मी आत गेले आणि फळ्याकडे तोंड करून रडले. नोकरी लागल्यावर रडतं कोण, असं मुलींना वाटलं असेल.

संध्याकाळी वस्ताद आले. आता त्यांची तालीम मागे होती, पण जाता-येता या उंबऱ्याशी थांबायची सवय गेली नव्हती. वहाणा काढून ते दारात उभे राहिले. खुर्चीकडे बघितलं.

"दिपोटीची खुर्ची न्हाई गेली व्हय पुढं?"

"नाही वस्ताद. निरोप नाही आला."

बाहेर रिपरिप चालू होती. मग त्यांनी ती खुर्ची दोन्ही हातांनी उचलली, ज्या जागी आखाडा होता तिथे आणून ठेवली, आणि मान वर करून कौलांकडे बघू लागले.

"राहू द्या हितंच," ते म्हणाले. "गळत न्हाई न्हवं, हितं?"

मीही वर बघितलं. साहेबांनी बसवलेलं कौल जागच्या जागी होतं.

"नाही," मी म्हटलं. "इथे नाही गळत."